मधल्या दाराची तार

चोर कुठून येणार हे ठरल्याशिवाय तार ओढता येत नाही, असं विश्राम सावंत म्हणाला आणि गोविंदा भोईराची तिथंच पंचाईत झाली.

विश्राम ठाण्यातल्या एका गिरणीत वायरमन होता. राहायला डोंबिवलीला, मूळचा सावंतवाडीकडचा, आणि बोलायला भलता हौशी. रविवारी तो बाहेरची कामं घ्यायचा. घरात दिवे बसवून देणारे तेव्हा पुष्कळ निघाले होते, पण चोरघंटी बसवणारा ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपण एकटेच, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. गोविंदानं त्याचं नाव कुठूनसं ऐकलं आणि सत्तावन्न सालच्या चैत्रात त्याला कळव्याला बोलावून घेतलं.

घर नवं होतं. भोईरांची खाडीकडची जमीन कारखान्याच्या कुंपणात गेली, मिठागरातला वाटा गेला, आणि त्याच्या बदल्यात पैसा आला. पैसा बघायची सवय नसलेल्या घरात पैसा आला की माणसं आधी विटा आणतात आणि मग सोनं. गोविंदा आणि त्याचा धाकटा भाऊ धाकू या दोघांनी तेच केलं. एकाच जोत्यावर लांबलचक घर उभं केलं. अर्धं गोविंदाचं, अर्धं धाकूचं. मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार. ते दार गोविंदाच्या बाजूला आतल्या खोलीत उघडायचं. त्या खोलीत देव होते आणि देवांच्या बाजूला लोखंडी कपाट होतं. कपाटात शेवंतीचं सोनं होतं. शेवंती म्हणजे गोविंदाची एकुलती एक मुलगी. वैशाखात तिचं लग्न कोपरीच्या म्हात्र्यांकडे ठरलं होतं.

या मधल्या दारानं दिवसभर काहीबाही ये-जा करत असे. विरजण जायचं, खोबऱ्याची वाटी यायची, धाकूची बायको गोदा चुलीवरच्या कालवणाची चव दाखवायला यायची. धाकू-गोदाला मूलबाळ नव्हतं. शेवंती लहानपणापासून अर्धी त्यांच्याकडेच वाढली. रात्री जेवून तिकडे झोपायची आणि सकाळी केस विंचरायला इकडे यायची. त्या दाराला कडी होती, पण ती सुतारानं लावली म्हणून होती.

तर विश्रामनं ओटीवर मोठा कागद पसरला आणि निळ्या पेन्सिलीनं घर काढायला घेतलं. धाकू टेप धरून पुढे. त्याला या कामाचा इतका आनंद झाला होता की जणू चोरघंटी नव्हे, घरात मोटारच येणार होती. भिंती मोजून झाल्या, खिडक्या मोजून झाल्या. मग विश्राम मांडी घालून बसला आणि त्यानं आपलं भाषण सुरू केलं.

"हे बघा गोविंदशेठ. घंटी दोन तऱ्हेची. एकीत चोरानं दार उघडलं की तार जोडली जाते न् घंटी वाजते. ती स्वस्त. पण चोर शहाणा असला तर आधी तारच कापतो, मग बसा बोंबलत. मी लावतो ती दुसरी. हिच्यात तार आधीच जोडलेली. अहोरात्र तिच्यातून वीज हळूहळू फिरत असते. सगळ्या दारांना पितळी पट्ट्या, एकीला एक चिकटून. हातात हात धरून माणसं उभी असतात ना, तशी. एकानं जरी हात सोडला, की झाली बोंबाबोंब. तार कापा, दार उघडा, काही करा. वाजणारच. आणि मी कळ फिरवीपर्यंत थांबणार नाही."

"अरे वा रे!" धाकू म्हणाला. 

"आता सांगा, चोर कुठून येईल? डॉक्टरला दुखणं सांगावं लागतं, मला भीती सांगावी लागते."

मग पुढच्या दारावर खूण झाली. मागच्या दारावर झाली. आतल्या खोलीच्या मागच्या खिडकीवर दोन खुणा झाल्या, कारण तिच्यामागे वाडी होती आणि वाडीमागे थेट खाडी. विश्रामची पेन्सिल फिरत फिरत आतल्या खोलीत आली. कपाटाची खोली म्हणून तिथं त्यानं स्वतंत्र वळसा काढला, वेगळ्या कळीचा. बाहेरची घंटी दिवसा बंद ठेवली तरी ही खोली चालू ठेवता यावी म्हणून. ओटीकडून आत येणाऱ्या दारावर खूण केली आणि पेन्सिल मधल्या दारावर टेकवली.

"आणि हे?"

धाकू खदखदून हसला. "इथून कोन येनार? इथून मी येतंय."

विश्रामही हसला आणि पेन्सिल उचलली. गोविंदा हसला नाही. त्यानं तंबाखूची चंची काढली आणि उगाच चुना शोधत बसला.

गोविंदा काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट माणसाला असल्या गोष्टींची लाज वाटत नाही, आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही. गोविंदाच्या डोक्यात एक किडा शिरला होता, एवढंच. महिन्याभरापूर्वी दुपारी तो अवेळी घरी आला तेव्हा आतल्या खोलीत धाकू कपाट उघडून उभा होता. किल्ली कुठं असते हे धाकूला ठाऊक होतंच, देवाच्या चौरंगाखाली. धाकूच्या हातात शेवंतीची बांगडी होती. गोविंदाला बघून तो दचकला, बांगडी आत टाकली, कपाट लावलं आणि "काय नाय रं दादूस, असाच" म्हणून मधल्या दारानं निघून गेला. कपाटात सगळं जागच्या जागी होतं. पण गोविंदाच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यानंतर त्याला एकेक दिसायला लागलं. गोदाच्या हातात पूर्वी सोन्याच्या बांगड्या असायच्या, आता नुसती काच. धाकू संध्याकाळी कधी ठाण्याला जायचा आणि कुठं गेलेला ते सांगायचा नाही. तोंडाला कधी ताडीचा वास यायचा, तो पूर्वीही यायचा, पण आता गोविंदा मुद्दाम हुंगायला लागला होता. भावानं आपल्या वाट्याचं सगळं उडवलं आणि आता त्याची नजर पोरीच्या सोन्यावर आहे, असं गोविंदानं मनाशी पक्कं केलं. विचारलं मात्र नाही. एका शब्दाचं काम होतं. 'काय रे, काय करत होतास?' एवढं विचारायला त्याची जीभ रेटली नाही, आणि त्याऐवजी त्यानं वायरमन बोलावला.

पहिल्या रविवारी सगळ्या घराला तारा झाल्या. धाकूनं शिडी धरली, भिंतीला भोकं पाडली, लाकडी पट्ट्या ठोकल्या. विश्राम त्याला पितळी पट्टी कशी वाकवायची ते शिकवत होता आणि धाकू प्रत्येक पट्टी बसवून झाली की दार उघडून घंटी वाजवून बघत होता. गावातली अर्धी पोरं अंगणात गोळा झाली. "चोराची आता काय बिशाद!" असं धाकू प्रत्येकाला सांगत होता. मोठा भाऊ म्हणून गोविंदाकडे बोट दाखवत होता, की बघा, आमच्या दादूसनं काय आणलं.

दुसऱ्या दिवशी गोविंदा ठाण्याला गेला आणि गिरणी सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहिला. विश्राम बाहेर आल्यावर त्याला समोरच्या हॉटेलात घेऊन गेला. चहा आला. गोविंदानं बशीत ओतला, फुंकला, पुन्हा कपात ओतला.

"मधल्या दाराला पण पट्टी लावून टाका," तो म्हणाला.

"लावतो की. पण तुमचे भाऊ तर—"

"दिसायला नको."

विश्रामनं कप खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर गिरणीतले लोक संयुक्त महाराष्ट्रावरून हमरीतुमरीवर आले होते, त्यांचं इकडे लक्षही नव्हतं, तरी गोविंदाला वाटलं सगळं हॉटेल आपल्याकडेच बघतंय.

"तसं भय काही नाही हो," तो घाईनं म्हणाला. "लग्नघर आहे. पन्नास माणसं येणार. असावी म्हणून."

"उंबरठ्याच्या लाकडात पट्टी बसवता येते," विश्राम कपाकडे बघत म्हणाला. "वरून फळी, पाय पडला की खालची पट्टी सुटते. तार चौकटीच्या मागून. पण वेळ लागेल. भाऊ घरी नसलेले बरे."

"तो नसेल."

रविवारी गोविंदानं धाकूला खडवलीला पाठवलं. तिकडच्या नातेवाइकांना लग्नाचं आवतण द्यायचं राहिलंय, पत्रिका टाकून भागायचं नाही, घरचं माणूस जायला हवं, असं कारण सांगितलं. कारण खरंच होतं. म्हणूनच ते सांगताना गोविंदाला जास्त वाईट वाटलं. धाकूनं नवा सदरा घातला, गोदाला बरोबर घेतलं, आणि "दादूस, तू काय काळजी करू नको, मी सगल्यांना घेऊनच येतंय" म्हणून हसत निघून गेला. त्याची पाठ वळल्यावर विश्राम आत शिरला आणि संध्याकाळपर्यंत मधल्या दाराचा उंबरठा जसाच्या तसा दिसायला लागला. गोविंदाच्या बायकोला, सगुणालाही, पट्टीचा पत्ता नव्हता. तिला त्यानं मंडपाचा बांबू बघायला म्हणून मागच्या वाडीत गुंतवून ठेवली होती. आपल्याच घरात आपण चोरासारखे वावरतोय हे त्याला कळत होतं. कळूनही त्यानं काम पुरं करून घेतलं.

मधले दिवस ती आतली कळ त्यानं बंदच ठेवली. बायका सारख्या आत-बाहेर करत होत्या, वाजली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. मग हळदीचा दिवस उजाडला.

मंडप भरला. कोपरीहून नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन यायची होती, त्यातली काही सकाळीच आली. गोविंदाची थोरली बहीण सखुबाई आधीपासूनच येऊन बसली होती आणि सगळ्यांना कामं सांगत होती. विश्रामलाही आमंत्रण होतं. तो इस्त्रीचा कोट घालून आला आणि पडवीत टांगलेल्या आपल्या घंटीखालीच खुर्ची घेऊन बसला. अंगणात बायकांनी उखळात हळद घातली आणि गाणी सुरू केली. घरात आता कुणी नव्हतं. सगळे बाहेर. गोविंदानं आतल्या खोलीला ओटीकडून कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली, आणि ओटीवरच्या दिनदर्शिकेमागची ती कळ फिरवली. लग्नाची गर्दी, नाना तऱ्हेची माणसं, कुणाचा भरवसा द्यावा, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मनातून त्याला एकाच माणसाचा भरवसा नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी गोविंदाला आपणहून आठवायला हवी होती. भोईरांच्या घरात एक रीत होती. मुलीच्या लग्नात चुलत्यानं जे काही द्यायचं, ते चारचौघांत द्यायचं नाही. त्यांच्या आज्यानं ही रीत घातली म्हणतात. बापानं काय दिलं नि चुलत्यानं काय दिलं हे लोकांनी शेजारी शेजारी ठेवून बघितलं, की कुणाचं जड नि कुणाचं हलकं ही कुजबुज सुरू होते, आणि भावाभावांत त्यातूनच फूट पडते. म्हणून अंगणात हळद कुटायला सुरुवात झाली की चुलत्यानं एकट्यानं घरात यावं, आपलं देणं देवापुढे ठेवावं आणि आल्या पावली परतावं. कुणी बघू नये. बघितलं तरी बघितलं म्हणू नये. सखुबाईच्या लग्नात त्यांच्या चुलत्यानं असंच केलं होतं, आणि तेव्हा लहान असलेल्या गोविंदानं दाराआडून ते बघितलंही होतं. पण त्यानंतर या घरात मुलीचं लग्न झालं नव्हतं. आणि गोविंदाच्या डोक्यात धाकू त्या खोलीत येतो म्हणजे एकाच कारणासाठी येतो, हे इतकं घट्ट बसलं होतं, की दुसरं कारण सुचायला जागाच उरली नव्हती.

उखळात मुसळ पडू लागलं आणि थोड्याच वेळात घंटी वाजली.

काय ती वाजली! गाणी थांबली. पडवीखालची पोरं कान झाकून पळाली. म्हातारी माणसं उठून उभी राहिली. विश्राम खुर्चीतून ताडकन उठला, त्याच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला आणि मग, कुठल्या दाराची घंटी वाजतेय हे ध्यानात आल्यावर, तो अभिमान उतरला. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून, कुलपाच्या पलीकडून, धाकूचा आवाज आला:

"दादूस! चोर! मागच्या खिरकीवर बग! मी हितं हाय, कपाटाला कोन हात लावत नाय!"

अर्धा मांडव वाडीत धावला. गोविंदा मात्र जागचा हलेना. चोर खिडकीवर नाही, हे त्या सगळ्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि विश्रामला.

"अवो, किल्ली!" सगुणा ओरडली. "भावजी आत एकले हायेत, चोरानं काय केलं तर? किल्ली द्या!"

तिनंच त्याच्या कनवटीची किल्ली ओढून काढली आणि कुलूप उघडलं. मागोमाग दहा-पंधरा माणसं दारात घुसली. नवऱ्याकडचीही त्यात होती.

धाकू कपाटाला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात पसरून. एका हातात देवापुढची समई होती, मारायला म्हणून उचललेली. दुसऱ्या हाताच्या मुठीत लाल फडकं होतं आणि फडक्यातून सोन्याच्या पाटल्या अर्ध्या बाहेर आल्या होत्या. मागे मधलं दार सताड उघडं होतं. घंटी वाजतच होती.

लोकांनी काय बघितलं? कुलूपबंद खोली, उघडं कपाट नव्हे पण कपाटाशी माणूस, आणि त्याच्या हातात सोनं. नवऱ्याच्या मामानं हळूच शेजाऱ्याला म्हटलं, "हा कोन? घरातलाच का?" आणि त्या शेजाऱ्यानं पाटल्यांवरची नजर हलवली नाही.

"सापरला का रं?" धाकूनं धापा टाकत विचारलं. "खिरकीवर व्हता ना?"

विश्राम गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि दिनदर्शिकेमागची कळ त्यानं फिरवली. आवाज थांबला. त्या शांततेत धाकूनं आधी खिडकीकडे बघितलं. खिडकी आतून बंद होती. मग ओटीच्या दाराकडे, मग मागे वळून मधल्या दाराकडे. उंबरठ्यावरची एक फळी, त्याचा पाय जोरात पडल्यामुळे असेल, जराशी वर आली होती आणि खालून पितळ चमकत होतं. दुसऱ्या कुणाला ते दिसलं असतं तरी कळलं नसतं. पण धाकूनं घरभर तसल्या पट्ट्या स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या. पट्टी कुणाच्या वाटेवर लावतात, हे त्याला विश्रामनं नीट शिकवलं होतं.

त्यानं समई देवापुढे परत ठेवली. ठेवायला त्याला वेळ लागला.

गोविंदानं बोलायला हवं होतं. ही वेळ त्याची होती. 'ती पट्टी मी लावली, माझ्या मनात पाप आलं, माझा भाऊ चोर नव्हे,' एवढं म्हणायचं होतं. शेवंतीच्या सासरची माणसं भावाकडे कशी बघतायत हे त्याला दिसत होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण समोर व्याही, मागे गाव, बाजूला बायको. आपली अब्रू की भावाची, असा प्रश्न होता. तो निर्लज्जासारखा उभा राहिला आणि आपली धरून बसला.

बोलली ती सखुबाई. गर्दीत कोपरं मारत ती पुढे आली. "काय बगताव सगले? चोर कसला? चुलता हाय तो पोरीचा! आमच्यात चुलत्याचा देना असाच येतं, गुपचूप, देवापुरं. हलद कुटताना. मी सांगतंय ना!" मग तिनं धाकूच्या मुठीतलं फडकं घेतलं, सोडलं आणि पाटल्या सगळ्यांना दाखवल्या. आज्याची रीत त्यामुळे मोडली, पण तिला दुसरा इलाज नव्हता. पाटल्या जड होत्या. त्यांच्यावरची नक्षी शेवंतीच्या बांगड्यांवरच्या नक्षीला अगदी जुळती होती.

"माप कसं घेतलंस रं?" तिनं विचारलं.

"दोरा लावून," धाकू खाली बघत म्हणाला. "तिची बांगरी कपाटात व्हती. दुपारी येऊन दोरा लावला." मग म्हणाला, "गोदाच्या व्हत्या त्या मोरल्या. ठाण्याचा सोनार लय दिवस लावतो. सारख्या चकरा मारल्या."

दोरा. इतके दिवस गोविंदा ज्या बांगडीवरून भावाला चोर समजत होता, त्या बांगडीला भावानं दोरा लावला होता.

"मग या दाराला घंटी कोनी लावली?" नवऱ्याच्या मामाला चैन पडेना. त्यानं वाकून पट्टीकडे बोट दाखवलं. "भावाभावांच्या मधल्या दाराला?"

सगळे गोविंदाकडे बघायला लागले. विश्राम आपल्या कोटाच्या गुंड्या बघत होता. गोविंदा उंबरठ्यातल्या त्या पितळेकडे बघत राहिला.

"मीच," धाकू म्हणाला.

"क्काय?"

"मीच बोललो दादूसला, हितं पन लाव. माझ्या बाजूशी पन चोर येल ना. माझा घर उघरा असतं, आमी दोघं कवा कवा नसताव घरात." तो हसला. हसू चांगलं जमलं नाही, तरी हसला. "आनि मीच इसरलो बगा आज. कळ बंद करायला सांगायचा राहिला. येडा हाय मी."

सगळे हसले. मामाही हसला. येडा काका, असं कुणीतरी म्हणालं आणि मंडळी परत मांडवात गेली. मुसळ पुन्हा पडायला लागलं. कुणालाच आता काही वाटत नव्हतं, सखुबाई सोडून. तिला गोविंदाचं तोंड लहानपणापासून वाचता येत होतं. जाताना ती त्याच्या कानाशी एवढंच म्हणाली, "त्यानं झाकला तुला. पोरीच्या लग्नात. लाज वाटू दे जरा."

वाटत होती. लाज अशी असते हे गोविंदाला आजवर ठाऊक नव्हतं. आधी वाटत होती ती पकडले जाण्याची भीती होती, तिला तो लाज समजत होता. खरी लाज पकडल्यावरही संपली नाही, कारण त्याला पकडून देण्याऐवजी भावानं सोडून दिलं होतं. शिक्षा झाली असती तर तो मोकळा झाला असता. सगुणानं पाटल्या देवापुढे ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याला ओलांडून बाहेर गेली.

दुपारी मांडवात जेवणं चालली होती तेव्हा गोविंदा पटाशी घेऊन आतल्या खोलीत गेला. फळी उचकटली, पितळी पट्टी उपटली, तार ओढून काढली. ओढताना चौकटीचं लाकूड चिरलं. मग त्यानं मधलं दार उघडलं आणि पलीकडे बघितलं. धाकूच्या बाजूला गोदा एकटी चुलीपाशी बसली होती. तिनं त्याला बघून पदर पुढे घेतला. थोरल्या दिराला बघून घेतात तसाच, पण आज तो जरा जास्तच पुढे आला, असं गोविंदाला वाटलं. धाकू कुठं आहे, हे विचारायचं त्याला धैर्य झालं नाही. "गोदे," तो म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवीन," ती म्हणाली.

तो परत फिरला. दार त्यानं उघडंच ठेवलं. दिवसभर ते उघडंच राहिलं आणि त्यातून दोन्ही बाजूंनी कुणीही आलं नाही.

ऊन उतरलं तशी हळद लागायची वेळ झाली. नवरीला बसायचा पाट चुलत्यानं आणून मांडायचा असतो. शेवंती ओटीवर, पिवळं लुगडं नेसून, डोकं खाली घालून वाट बघत होती. ती पुन्हा पुन्हा आतल्या खोलीकडे बघत होती, कारण काका नेहमी तिकडूनच येतो. तिला सकाळच्या गोष्टीचं हसूच आलं होतं. गोविंदाही तिकडेच डोळे लावून बसला होता. मनात त्यानं ठरवलं होतं, की धाकू मधल्या दारातून आला की उठायचं आणि सगळ्यांदेखत त्याच्या पायाला हात लावायचा. थोरला असलो तरी. मग लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

आतली खोली रिकामीच राहिली.

मग मांडवाच्या तोंडाशी माणसं बाजूला झाली. धाकू घराला वळसा घालून, अंगणातून, पाव्हणे येतात त्या वाटेनं आला. अंगात खडवलीला घातलेला तोच सदरा होता. काखेत पाट. पायरीखाली त्यानं चपला काढल्या, नीट जोडून कडेला ठेवल्या, आणि पायरीवर न चढता तिथंच उभा राहिला. जिथं त्याचं निम्मं घर होतं, तिथं.

"दादूस," त्यानं विचारलं, "येऊ का आत?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. गोविंदा उठून उभा राहिला. पायाला हात लावायचं त्याच्या मनात होतं, पण त्या प्रश्नानं ते सगळं पुसून टाकलं. गप्प राहावं तर नको म्हटल्यासारखं होत होतं. आणि 'ये' म्हणावं, तर भाऊ आपल्या परवानगीनं घरात येणारा माणूस आहे, हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं. सगळा मांडव उत्तराची वाट बघत होता. शेवंतीनं मान वर करून बापाकडे बघितलं.

"ये," गोविंदा म्हणाला.

धाकूनं मान हलवली, पायऱ्या चढला, पाट मांडला आणि पुतणीला हात धरून त्यावर बसवलं. मग तो पाहुण्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.